'च्यायला'ला आता कोण दचकतं?

पारसिक (धागाकर्ती)

मंडळी, एक कामाचा प्रश्न आहे आणि त्याच्या पाठीमागे एक मोठा प्रश्न. दोन्ही मांडते.

मी हिंदी वेबमालिकांची मराठी सबटायटल्स लिहिते. सध्या हातात असलेली मालिका मुंबईतल्या कॉलेजच्या पोरांची आहे. ही पोरं दर दोन वाक्यांमागे 'फट गयी', 'घंटा', 'भेंडी', 'साला' म्हणतात. भांडताना नव्हे, तर चहा पिताना, लोकल सुटल्यावर, पेपर सोपा गेला म्हणूनसुद्धा. 'मेरी तो फट गयी थी' याचं मी 'माझी तर फाटली होती' केलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'मी फार घाबरलो होतो' लिहिलं. शेरा: 'मराठीत वाईट दिसतं.' म्हणजे हिंदीत कानाला चालतं आणि मराठीत डोळ्याला चालत नाही. दादर-परळच्या पोरांच्या तोंडी मात्र तो शब्द मराठीतच आहे, रोज आहे.

माझं मत असं, की शब्द नुसता घासून घासून गुळगुळीत होत नाही. तो बोलणारा माणूस बदलला की होतो. 'आयला' नाक्यावरची पोरं म्हणत होती तोवर ती शिवी होती. घरातली मुलगी म्हणाली आणि स्वयंपाकघरातून कोणी ओरडलं नाही, तेव्हा ती शिवी राहिली नाही.

तर सांगा, तुमच्या घरात असा कुठला शब्द आत आला? पहिल्यांदा कोण बोललं? आणि कुठला शब्द अजून उंबऱ्याबाहेर उभा आहे?

लालबागी

आमच्याकडे उंबरा असा नव्हताच. गिरणीची चाळ, दहा बाय बाराची खोली, दार दिवसभर उघडं. गॅलरीतून जो आवाज यायचा तो सगळ्यांसाठी यायचा. माझे वडील आणि त्यांचे खात्यातले मित्र एकमेकांना 'भाड्या'शिवाय हाक मारत नसत. 'ए भाड्या, जेवलास का?' यात शिवी कुठे आहे ते मला लहानपणी कधी कळलं नाही. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरण्या बसल्या, माणसं पांगली. त्यातले एक काका गावाहून खूप दिवसांनी भेटायला आले आणि वडिलांना 'अहो' म्हणाले. वडील दिवसभर गप्प. रात्री आईला म्हणाले, 'माझ्यावर रागावलाय तो.'

त्यामुळे पारसिकताई, तुमचं मत मला अर्धं पटतं. बोलणारा बदलला की शब्द बदलतो खरं, पण कोणाला बोलतोय तेही बघा. तोच 'भाड्या' मुकादमाला म्हटला असता तर नोकरी गेली असती.

शब्दवेल्हाळ

'माझी फाटली' हे वाक्य फार मोलाचं आहे. कृपया ते खोडू देऊ नका.

नीट बघा. बोलणारा मुलगा आहे. तो 'मी फाटलो' म्हणत नाही, 'माझं फाटलं' म्हणत नाही. 'फाटली' हे स्त्रीलिंग आलं कुठून? वाक्यात एक स्त्रीलिंगी नाम होतं, ते काढून टाकलंय. शरीराचा कोणता भाग ते इथे सांगायची गरज नाही. नाम गेलं, त्याचं लिंग क्रियापदाला चिकटून राहिलं. 'साहेबांनी सगळ्यांसमोर वाजवली', 'जाम ठासली', 'माझी मारून ठेवली' ही सगळी एकाच घरातली भावंडं. ज्या पोरांना ते गाळलेलं नाम ठाऊक नाही तीसुद्धा न चुकता स्त्रीलिंगच वापरतात. कोणी शिकवलेलं नसतं.

'च्यायला'चंही तसंच. 'त्याच्या आयला'मधला पुढचा तुकडा गळाला. मागचं क्रियापद तर त्याआधीच गेलं. आता आईला काय, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. 'तिच्यायला', 'च्यामारी', 'आयला' सगळ्यांची हीच कथा. मराठी माणूस शिवी सौम्य करतो ती असा एखादा अवयव छाटून. भाषाशास्त्राच्या पुस्तकात अर्थोत्कर्ष आणि अर्थापकर्ष असे दोन प्रकार शिकवतात, शब्दाची पत वाढते किंवा घसरते. इथे तिसरंच घडतं. पत वाढत नाही की घसरत नाही, आतला अर्थच रिकामा होतो आणि नुसता जोर उरतो.

टिंबटिंब

यापुढे फाटेल तेव्हा लिंग-वचन तपासूनच घाबरणार.

कावळेकाका

'जाम ठासली'वर अख्खा परिच्छेद! हा धागा घरी वाचून दाखवतोय. बायको हसतेय, आई अजून विचारतेय कोणतं नाम ते.

पार्लेकर

मी वेगळं मत मांडतो, आणि ते मनापासून मांडतो.

आमच्या घरात वडिलांची सगळ्यात मोठी शिवी 'गाढवा' ही होती. ती वर्षातून एखाद्या वेळी यायची आणि आली की घर चिडीचूप व्हायचं. त्यांना हात उगारावा लागला नाही, कारण शब्दात तेवढा भार होता. आज माझा नातू मोबाईलवर खेळताना एका तासात जेवढ्या शिव्या देतो तेवढ्या मी आयुष्यात दिल्या नसतील. त्यात राग नसतो हे मला समजतं. पण ज्या दिवशी त्याला खरोखर राग येतो त्या दिवशी त्याच्याकडे शब्दच नसतो. सगळे खर्चून झालेले असतात. मग तो वस्तू फेकतो. शिवीची धार गेली याचा आनंद कसला मानायचा? धार असलेली शिवी मारामारी टाळते, असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तपासणाऱ्या बाईंनी खोडलं ते बरोबर केलं असं मी म्हणत नाही. पण 'वाईट दिसतं' ही भावना मराठीत अजून शिल्लक आहे हे मला चांगलं लक्षण वाटतं.

इंद्रायणी ते ठाणे

पार्लेकर, आदराने असहमत. 'वाईट दिसतं' ही भावना मराठीत पहिल्यापासून होती असं धरून चालू नका. तुकोबांचा 'भले तरी देऊ' सगळ्यांना पाठ आहे. शाळेत आपण 'कासेची लंगोटी' शिकलो. गाथ्यात 'गांडीची लंगोटी' आहे. सतराव्या शतकात देहूचा एक वाणी देवासमोर, कीर्तनात, बायाबापड्यांसमोर तो शब्द सहज म्हणत होता आणि कोणी कान झाकले नाहीत. कान झाकले ते आपण, छापखाना आणि पाठ्यपुस्तकं आल्यावर. आमच्या वारीत अजूनही म्हातारे मूळ पाठच म्हणतात.

पार्लेकर

हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तुकोबांनी तो शब्द शिवी म्हणून वापरला नाही, अवयवाचं नाव म्हणून वापरला. लंगोटी जिथे बांधतात ती जागा. जिथे प्रहार करायचा तिथे ते 'नाठाळ' म्हणतात आणि काठी काढतात. शब्द कुठे साधा आणि कुठे जड ठेवायचा हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

इंद्रायणी ते ठाणे

हे मान्य. पण मग शिव्या वाढल्या म्हणून भाषा बिघडली असं होत नाही. साधे शब्द शिव्या झाले म्हणूनही ती बिघडू शकते. 'गांडूळ' शिकवताना वर्गाचं काय होतं ते कुठल्याही विज्ञानाच्या बाईंना विचारा.

खडूफळा

विचारलंत म्हणून सांगते. मी पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवते, मराठी माध्यम, मध्य मुंबईत. 'गांडूळखत' हा शब्द फळ्यावर लिहायला मी पाठ वळवते ते मुद्दाम, म्हणजे त्यांना हसून घेता येतं. 'शेतकऱ्याचा मित्र' इथपर्यंत आलो की शांत होतात.

त्यापेक्षा मोठी अडचण 'घंटा' आणि 'भेंडी'ची आहे. शाळेत घंटा रोज होते. 'घंटा झाली का?' असं शिपायांना विचारलं की मागच्या बाकावर खसखस पिकते. एका मुलीला डब्यात काय म्हणून विचारलं तर ती 'भेंडी' म्हणाली आणि सगळा वर्ग तिच्याकडे बघायला लागला. तिला बिचारीला कळलंच नाही, ती नुकतीच गावाहून आली होती. म्हणजे शिवीला आडोसा म्हणून आपण भाजीचं नाव घेतलं आणि आता भाजीच आडोशाला गेली. आडोशाचे शब्द शिवीला सौम्य करतात हे खरं, पण चांगल्या शब्दाला त्याची किंमत मोजावी लागते. याचं मला वाईट वाटतं.

मी वर्गात ओरडत नाही. अर्थ सांगते. 'हा शब्द बहिणीवरच्या एका शिवीचा मुखवटा आहे. आता म्हणायचा असेल तर म्हणा.' बहुतेक जण थोडे दिवस बंद करतात. मग परत सुरू.

चर्चगेट स्लो

घंटा म्हणाल तर हिंदीतल्या सगळ्यात भिकार सिनेमांना द्यायला मुंबईत चक्क 'घंटा अवॉर्ड्स' निघाले होते, आणि पेपरांनी नाव जसंच्या तसं छापलं. एवढं झाल्यावर शिपाईकाकांनी आता भोंगा वाजवावा.

मालवणचो बाबलो

पारसिकताईंच्या प्रश्नाला आमचं उत्तर सोपं आहे. आमच्या घरात शब्द बाहेरून आत आलेच नाहीत. आतूनच बाहेर गेले. आजीनेच आणले.

'मेल्या' म्हणजे काय? मेलेला. सरळ मरणाचा शाप. पण आजी 'खंय मेलो होतंस इतको वेळ?' म्हणायची तेव्हा ताटात माशाची तुकडी वाढलेली असायची. 'मुडद्या', 'मेल्या', 'फटकी इली तुका' हे ज्याच्यावर जीव त्यालाच. पाहुण्याला नाही. पाहुण्याला 'बसा'.

आणि 'आयचो घो'. घो म्हणजे घोव, नवरा. आईचा नवरा म्हणजे वडील. शब्दशः त्यात काहीच नाही. पण रोख कळतो ना. २०१० साली एका मराठी चित्रपटाच्या नावात हेच शब्द आले तेव्हा वाद पेटला. गिरगाव-लालबागात आमच्या लोकांना कळेना, एवढं रागावण्यासारखं काय आहे? ज्या गावात तो शब्द न्याहारीला ऐकतात तिथे तो शिवी नव्हता, आणि जिथे कधी ऐकला नव्हता तिथे तो शिवी होता.

बाकी मालवणी शिव्यांना शहरी कान मिळवून दिला तो गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने आणि मच्छिंद्र कांबळींनी. पाच हजारांवर प्रयोग झाले. दादरच्या नाट्यगृहात पहिल्या रांगेतल्या, नऊवारीतल्या आज्या तोंडाला पदर लावून हसायच्या. त्याच आज्यांनी घरी नातवाने तसा शब्द काढला असता तर मुस्काट फोडलं असतं. रंगमंचावर चालतो, घरात चालत नाही, ही मधली पायरी फार महत्त्वाची. एकदा सगळ्यांनी मिळून हसलं की तो शब्द पूर्वीसारखा लागत नाही.

माटुंगा रोड

बाबल्या, जियो! फटकी इली तुका! (जीव आहे म्हणून.)

ठाण्याची मैना

मला या धाग्यात एक गोष्ट खुपतेय. आतापर्यंत ज्या शिव्यांचा अर्थ रिकामा झाला म्हणून आपण कौतुक करतोय त्यात आई आहे, बहीण आहे. 'च्यायला'त आई, 'भेंडी'त बहीण, 'साला'त बायकोचा भाऊ म्हणजे पुन्हा बहीणच. शब्दवेल्हाळ म्हणतात अवयव छाटला. पण नेहमी छाटलं जातं ते क्रियापद, बाई तिथेच राहते. मी स्वतः भेंडी म्हणते, रोज म्हणते, ऑफिसमध्ये तर जास्तच. मला कोणी थांबवलेलं आवडणार नाही. तरी एखाद्या दिवशी तोंडात शब्द असताना मनात येतं, की हे माझ्यावरच आहे.

सातपाटी लेडीज डबा

मैना, तुझं म्हणणं पटतंय, पण त्यात एक भर घालते. 'मुली आता शिव्या देऊ लागल्या' असं आपण म्हणतो तेव्हा कोणत्या मुली? आमच्या कोळीवाड्यात बायका कायमच देत आल्या. माझी आई टोपली घेऊन लगेज डब्यातून जायची. जागेवरून, वजनावरून, पोलिसावरून तिची भाषा ऐकून पांढरपेशा बायका तोंड फिरवायच्या. 'कोळणीसारखी भांडते' हा वाक्प्रचार कुठून आला? आता त्याच घरांतल्या नाती कॉलेजात 'भेंडी' म्हणतात तर तो मोकळेपणा. आईचा होता तो अडाणीपणा. शब्द सौम्य झालेला नाही. तो वरच्या मजल्यावर राहायला गेला, म्हणून सौम्य दिसतो.

ठाण्याची मैना

हे मी कधीच असं पाहिलं नव्हतं. धन्यवाद. आईंना नमस्कार सांग.

लालबागी

+१. आमच्या चाळीतल्या बायकांबद्दलही हेच. नळावरची भाषा कोणी लिहून ठेवली नाही, नाहीतर शब्दकोश झाला असता.

खंडाळा (घाटातला नव्हे)

बायकांच्या शिव्यांवरून आठवलं. माझा तालुका खंडाळा, जिल्हा सातारा, लोणावळ्याजवळचा नव्हे. आमच्याकडे सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हातवारे करून एकमेकींना शिव्या घालतात. त्याला 'बोरीचा बार' म्हणतात. वाजंत्री असते, मध्ये पोलीस उभे, बघायला तुफान गर्दी. माझी चुलती डोंबिवलीहून त्यासाठी गावी जायची. एरवी तिच्या तोंडून 'मेला' निघत नाही. त्या दिवशी तिचा घसा बसतो आणि चेहरा असा उजळतो की काय सांगू. दुसऱ्या दिवशी त्याच बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला जातात.

म्हणजे शिव्यांना दिवस ठरवून दिला की त्या लागत नाहीत. कोकणात शिमग्याचं तेच. बोंब मारायची मुभा असते, ती त्या दिवसांपुरती.

चर्चगेट स्लो

मुंबईत लोकलला रोज शिमगा. मुभा बारमाही.

संपादक

धागा छान चाललाय. दोन प्रतिसाद उडवले आहेत, दोन्हींत एका समाजाचं नाव शिवी म्हणून आलं होतं. बाकी सगळं राहू दिलंय, 'ठासली'सुद्धा.

उजेडवाट

संपादकांनी जे केलं तोच माझा मुद्दा आहे. आज या धाग्यावर गुदद्वारापासून आईपर्यंत सगळं चाललं, उडालं काय, तर जातीचं नाव. पन्नास वर्षांपूर्वीच्या छापील मराठीत बरोबर उलटं होतं. शरीराचा शब्द आला की फुल्या आणि जातीवरच्या म्हणी सरसकट. म्हणजे धक्का संपला नाही, त्याने जागा बदलली. मला हे बदललेलं आवडतं.

पण अजून एक शब्द आपल्याला सुटलेला नाही. मी एका सामाजिक संस्थेत तृतीयपंथी मुलामुलींसोबत काम करते. 'छक्का', 'बायल्या'. क्रिकेटमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर, मित्रामित्रांत हे शब्द म्हणणाऱ्यांना अगदी हलके वाटतात. 'अरे मजेत म्हणालो.' २०१४ साली सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख दिली, तेव्हा आमच्या पोरांनी पेढे वाटले. त्याच संध्याकाळी स्टेशनवर त्यांना तोच शब्द ऐकायला मिळाला. शब्दाचा धक्का गेला का हे म्हणणाऱ्याला विचारू नका. ज्याच्या अंगावर तो पडतो त्याला विचारा.

काळा कोट, कुर्ला

उजेडवाट यांच्या शेवटच्या वाक्याला कोर्टातून आधार देतो. दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत.

पहिला सुप्रीम कोर्टाचा, मार्च २०२४. 'कॉलेज रोमान्स' या वेबमालिकेतल्या भाषेवरून अश्लीलतेचा गुन्हा नोंदवायचे आदेश झाले होते. दिल्ली हायकोर्टाने ते कायम ठेवले. सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. म्हणणं थोडक्यात असं, की असभ्य असणं आणि अश्लील असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या शिव्यांचा शब्दशः अर्थ लैंगिक असला तरी माणसं त्या राग, वैताग, दुःख, आनंद दाखवायला वापरतात. ऐकणाऱ्याच्या मनात कामभावना उठत नाही. शब्दवेल्हाळ यांनी 'नुसता जोर उरतो' म्हटलं, जवळपास तेच.

दुसरा आपल्या मुंबईतला. ऑक्टोबर २०२२, पोक्सो विशेष न्यायालय. शाळेतून येणाऱ्या मुलीला एक तरुण 'क्या आयटम, किधर जा रही हो?' म्हणाला, तिचे केस ओढले. २०१५ची घटना. त्याला दीड वर्षाची कैद झाली. 'आयटम' हा शब्द मुलीला लैंगिक वस्तू ठरवण्यासाठी वापरला जातो, असं न्यायालयाने म्हटलं. आता बघा, 'आयटम साँग' हा शब्द आपले पेपर मथळ्यात छापतात. त्याहून सौम्य शब्द शोधून सापडणार नाही. रस्त्यात एकट्या मुलीला उद्देशून तोच गुन्हा ठरला.

पारसिकताई, मालिकेतला पोरगा लोकल चुकल्यावर जे म्हणतो त्याला समोर कोणी नाही. तिथे खुशाल ठेवा. तोच एखाद्या मुलीला काही म्हणत असेल तर मात्र मऊ करू नका. लागेल असाच शब्द घाला, कारण तिला तो लागलेलाच आहे.

पार्लेकर

कोट साहेब, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत. धार जिथे हवी तिथे राहू द्या, एवढंच माझं म्हणणं होतं.

कावळेकाका

अवांतर: सेन्सॉर बोर्डाने २०१५ साली सिनेमात चालणार नाहीत अशा शब्दांची यादी काढली होती, आठवतंय का? विरोध झाला आणि ती मागे ठेवावी लागली. तोवर ती सगळ्यांच्या फोनवर पोचली होती. आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना त्यातले निम्मे शब्द त्या यादीतूनच कळले.

शब्दवेल्हाळ

वर 'साला' आला म्हणून थोडं. मराठीत बायकोच्या भावाला आपण मेव्हणा म्हणतो. त्यामुळे 'साला' मराठीत आला तो नातं बाहेर ठेवूनच आला. मग मराठीने त्याला आपल्या विशेषणासारखं वागवलं. साला पाऊस, साली लोकल, सालं नशीब. हिंदीत नपुंसकलिंग नाही, 'सालं' हे रूप आपलं स्वतःचं. 'सालं, काय बोलावं कळत नाही' यात शिवी कुठे आहे? ते उसासा टाकल्यासारखं आहे. मला तो मराठीतला फार सुंदर शब्द वाटतो.

उलट्या दिशेचं उदाहरणही द्यायला हवं, नाहीतर चित्र अपुरं राहील. 'रांड'. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) याचा अर्थ विधवा असाही दिलेला आहे. 'रंडकी', 'रांडव' हे त्याच घरातले. नवरा गेलेली बाई असं सांगणारा शब्द वेश्येवरची शिवी झाला. तो आपोआप घसरला नाही. आपण विधवांकडे ज्या नजरेने पाहिलं तिने तो घसरवला. ठाण्याच्या मैनेला जे खुपतंय ते या शब्दात सगळ्यात स्पष्ट दिसतं.

टिंबटिंब

'शष्प' राहिला की. संस्कृतात कोवळं गवत. मराठीत सुशिक्षित माणूस 'शष्प फरक पडत नाही' म्हणतो तेव्हा त्याला गवत अभिप्रेत नसतं. त्याचा साधा मराठी भाऊ उच्चारला तर सभेतून उठवतील. संस्कृत सोवळं नेसलं की अग्रलेखात प्रवेश.

डोंबिवली फास्ट नाही

'राडा' पण घ्या. आमच्या गावाकडे राडा म्हणजे चिखल. पालिकेच्या भाषेत अजून 'राडारोडा' आहेच. मुंबईच्या नाक्यांनी त्याला मारामारी केलं, आणि आता 'सभागृहात राडा' असा मथळा यायला कोणाची परवानगी लागत नाही.

पारसिक (धागाकर्ती)

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा वाचले. सातपाटीताईंचा तर छापून टेबलासमोर लावलाय.

काम कुठे आलं ते सांगते. 'माझी फाटली होती' परत घातलं आणि शब्दवेल्हाळ यांचा स्त्रीलिंगाचा मुद्दा शेऱ्यात लिहून पाठवला. बाईंचं उत्तर आलं, 'ठेवा.' पुढे लिहिलंय, 'आमच्या मुलीलाही विचारलं, ती हसली.' 'साला'चं जागा बघून साला, साली, सालं केलं आणि ते मराठीत इतकं सहज बसलं की मूळ हिंदी वाटत नाही. सातव्या भागात एक मुलगा वर्गातल्या मुलीला जिन्यात गाठून बोलतो. तिथे मी आधी 'काय गं छावी' असं गोड करून टाकलं होतं. कोट साहेबांचं वाचल्यावर ते काढलं. आता तिथे जो शब्द आहे तो वाचताना त्रास होतो, आणि तो तसाच राहणार.

अडलंय ते 'घंटा'पाशी. 'घंटा समझ में आया' याला मराठी काय? घंटा ठेवली तर खडूफळा बाईंच्या भाजीसारखी गत होईल. 'काही कळलं नाही' अगदीच पाणी.

खडूफळा

'डोंबल'! डोंबल कळलं! माझी आजी म्हणायची, आई म्हणायची, मी वर्गात म्हणते. 'डोंबलाची तयारी केलीस?' जोर आहे, चीड आहे, कोणाची आई-बहीण नाही.

इंद्रायणी ते ठाणे

किंवा 'कप्पाळ'. 'कप्पाळ कळलं.'

मालवणचो बाबलो

डोंबलाला माझं मत.

चर्चगेट स्लो

थांबा थांबा. विशीतला पोरगा, वडापाव खातोय, हातात गाडीची चावी. तो 'डोंबल' म्हणेल? त्याच्या आजीने डबिंग केल्यासारखं वाटेल.

खडूफळा

माझ्या सातवीतल्या पोरांनी उचललाय. गेल्या आठवड्यात मागच्या बाकावरून ऐकलं, 'टीचर, डोंबल!' आता सांगा.

चर्चगेट स्लो

ते तुम्हाला घाबरून म्हणतात. घंटा झाल्यावर गेटबाहेर काय म्हणतात ते ऐका.

पारसिक (धागाकर्ती)

दोन्ही घालून बघते. आजी असलेल्या प्रसंगात डोंबल, कॅन्टीनमध्ये घंटा. कोणाचा मुलगा किंवा मुलगी कॉलेजात असेल तर विचारून इथे लिहा, सोमवारी फाईल जायची आहे.